‘पाणंद’चा नियम

“ह्यात काय दम न्हाय बघा!” विद्यापीठाच्या कँटीनमध्ये आदर्शनं ‘पाणंद’ मासिकाचा अंक टेबलावर आपटला आणि समोरच्या अनोळखी पोरीला आपलं मत देऊन टाकलं.

पोरगी मिसळीच्या कटात पाव बुडवत म्हणाली, “त्याची संपादक मीच हाय. शिवांजली.”

आदर्शचे कान लाल झाले. पण माघार घेईल तो कुरुंदवाडचा कसला? “मग बरंच झालं की. थेट पोचलं!”

ती फिस्सकन हसली. “तुम्ही लिहा की मग, पावणं. दमदार!”

त्यानं गोष्ट लिहिली. आजवर त्याची कुठं एक ओळ छापून आली नव्हती. ‘पाणंद’मध्ये नाव बघायचंच, एवढं एक डोक्यात बसलं. गोष्ट द्यायला म्हणून मराठी विभागात गेला, तो तिथंच रेंगाळला. शिवांजली मासिकाचा इतिहास लिहीत होती, आणि जुने अंक झाडायला तिला कुणीतरी हवंच होतं. शिंकत, भांडत दोघं पानं उलटायची. मध्येच बोटाला बोट लागायचं... मग दोघंही धूळ बघितल्यासारखं करायची.

एका दुपारी पहिल्या अंकात पहिल्या संपादकांचा, हंबीरराव सरांचा नियम निघाला — संपादकाच्या जवळच्या माणसाचं छापायचं नाही. आजही तो पाळतात.

“सरांची बायको झकास कविता करायची,” शिवांजली म्हणाली. “एक बी छापली न्हाय सरांनी.”

“मग?”

“मग काय? जन्मभर एकटेच ऐकत बसले!”

आदर्श पोट धरून हसला. ती मात्र त्याच्याकडंच बघत राहिली.

अंक छापखान्यात जायच्या दिवशी तिनं त्याला बोलावलं. टेबलावर त्याच्या गोष्टीचं प्रूफ होतं. वर ठसठशीत अक्षरात त्याचं नाव. त्यानं हळूच त्यावरनं अंगठा फिरवला.

“नाव झाकून वाचली समितीनं. सगळ्यांना आवडली.” ती म्हणाली. “आता तू सांग... ठेवू का काढू?”

“काढू? का म्हणून?”

“नियम हाय की.”

“अगं, पण तो तर जवळच्या माणसाला—”

शिवांजलीची नजर काही हलली नाही.

“ठेव म्हणालास तर ठेवतो. राग न्हाय. पण मग मी नुसती संपादक.”

त्यानं आपलं नाव एकदा डोळे भरून बघितलं. कागद तिच्या हातात दिला... आणि हात काही सोडला नाही.

“काढ.”

“नक्की? पहिलीच हाय तुझी.”

“पुढच्या वर्षी संपादक बदलतोय. गोष्ट थांबंल की तोवर,” आदर्श म्हणाला. “मला न्हाय जमायचं.”