पुड्यातली साखर

"ही बघा! माझ्या नवऱ्याला मारायची तयारी बघा!"

शालनबाईंनी सुनेची पर्स भर बैठकीत उलटी केली आणि ग्लुकोजचा डबा, साखरेच्या पुड्या, संत्र्याच्या गोळ्या असं सगळं फरशीवर घरंगळलं. शेजारच्या सरूबाई दारातच उभ्या होत्या. बातमी त्यांनीच आणली होती, मग तिचा शेवट पाहिल्याशिवाय त्या कशा हलणार! निगडीच्या बसथांब्यावर पूनम सासऱ्याला साखर चारत होती, शुगरच्या माणसाला मुठीमुठीनं साखर... हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यात घरी आल्यावर शालनबाईंनी यशवंतरावांचं बोट टोचलं, तर मशीनवर आकडा तीनशेच्या वर! आणखी पुरावा कशाला हवा होता?

"आई, त्यांची साखर उतरली होती हो," पूनम कळवळून म्हणाली. "घामानं भिजले होते, हात थरथरत होते. इन्सुलिनचं इंजेक्शन घेतल्यावर जेवण चुकलं तर असं होतं, तेव्हा लगेच साखर द्या, बाहेर पडताना जवळ ठेवत जा, असं डॉक्टरांनीच सांगितलंय. मी घाबरले, जरा जास्त दिली गेली, म्हणून हा आकडा..."

"पण जेवान चुकलंच कसं? दवाखान्यात जातो म्हणून गेलात, मग निगडीला काय व्हतं तुमचं?"

 पूनमनं सासऱ्यांकडे पाहिलं. यशवंतराव खाली मान घालून फरशीकडे बघत बसले होते. नुकताच चाकणहून शिफ्ट करून आलेला तिचा नवरा अजिंक्य पुढे झाला. "पूनम, गेला होतात कुठं? सांग ना!"

ती खाली बसून पुड्या वेचू लागली. अजिंक्यनं तोंड फिरवलं, आणि त्या फिरवलेल्या तोंडानं तिच्या काळजाला जी जखम केली ती शालनबाईंच्या शिव्याशापांनीही केली नव्हती.

कसं सांगणार होती ती? यशवंतरावांची एकुलती एक लेक साधना जातीबाहेर लग्न करून गेली, देहूरोडच्या बुद्धरत्नचा हात धरून, आणि त्या दिवसापासून कासारवाडीच्या या घरात तिचं नाव काढायची चोरी झाली होती. हुकूम यशवंतरावांचाच होता. आणि त्याच यशवंतरावांनी आज दवाखान्यात दुपारचं इंजेक्शन टोचून घेतलं, बाहेर येऊन रिक्षात बसले आणि एकदम म्हणाले, "देहूरोडला घे!" लेकीच्या हातचं जेवायचं, हे तोंडानं बोलले नाहीत, पण डोळ्यांत दुसरं काय होतं? साधनाच्या घरासमोरच्या लिंबाआड ते उभे राहिले. दोरीवर चिमुकले फ्रॉक वाळत होते. पायरीवर बसून साधना आपल्या लेकीची वेणी घालत होती... आजोबांनी कधी न पाहिलेली नात! दहा पावलांचं अंतर, पण सगळ्या पंचक्रोशीत ताठ मानेनं वावरलेल्या त्या माणसाला ते काही तोडवेना. दुपार टळली. पूनमनं किती वेळा हात धरून ओढलं! शेवटी ते उपाशीच मागे फिरले, आणि निगडीला बस बदलताना त्यांचे पाय लटपटले. साखर खाऊन भानावर येताच त्यांचं पहिलं वाक्य होतं, "सूनबाई, हे कुणाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील!"

त्या दिवसापासून घरातली साखर कुलपात गेली. घराबाहेर पडताना यशवंतरावांचे खिसे शाळकरी पोरासारखे तपासले जाऊ लागले, पूनमची पर्ससुद्धा. पूनमच्या हातचा चहासुद्धा त्यांना वर्ज्य झाला. पण पूनमला खरी भीती वाटत होती ती वेगळीच... जवळ काही नसताना हा माणूस पुन्हा रस्त्यात कोसळला तर? बोलावं तर शपथ, आणि न बोलावं तर त्यांच्या जिवाला धोका! आईविना वाढलेली ही पोर. लग्नानंतर शालनबाई रविवारी तिला पुढ्यात बसवून केसांना तेल लावायच्या, तेव्हा डोळे मिटून ती मनातल्या मनात "आई, आई" म्हणत बसायची. आता रविवार यायचे आणि तसेच जायचे. मागच्या खोलीत एकटीच कपड्यांच्या घड्या घालताना पावलं वाजली की तिचा जीव कानांत गोळा व्हायचा... पण त्या आत येत नसत.

अशातच यशवंतरावांच्या पुतण्याचा, जयदीपचा साखरपुडा ठरला. मुलगी चाकणची. मुलाकडचा मानाचा पुडा सजवायचं काम पूनमनं आपणहून मागून घेतलं. जरीच्या कागदात नेहमीपेक्षा बरीच जास्त साखर भरली, आणि जयदीपच्या आईला गळ घातली, "काकू, पुडा आमच्या गाडीत आईंच्या मांडीवर असू द्या, मान त्यांचाच आहे." शालनबाईंना हे बरं वाटलं. सुनेचा हेतू त्यांना कळला असता तर?

जेवण बाराला म्हणून यशवंतरावांनी निघतानाच इंजेक्शन घेतलं. "बाबा, तिथं पानावर बसताना घ्या," पूनम म्हणाली, पण तिचं आता कोण ऐकणार! मोशीच्या पुढे गाड्या तुंबल्या. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि मधे अजिंक्यची गाडी चेंगरलेली. एक वाजून गेला. पूनमची नजर आरशातून सासऱ्यांवरच होती. त्यांच्या कपाळावर घाम आला... बोटं थरथरू लागली... उगीचच ते अजिंक्यवर खेकसले.

"आई! पुडा द्या. पटकन!"

"याड लागलं का तुला? मानाचा पुडा हाय त्यो! त्याला हात लावायचा न्हाई!" शालनबाईंनी पुडा छातीशी धरला. "आन् ह्यांना साखर? मला रांडव करायला निघालीस व्हय गं?"

"पाया पडते तुमच्या! हे शुद्धीत आहेत तोवरच घोट घेतील. नंतर काही करता येणार नाही हो..."

तेवढ्यात यशवंतरावांनी काचेवर हात आपटला. डोळे उघडे होते, पण समोरचं काही दिसत नव्हतं. जीभ जड झाली होती.

"साधना... दार उघड गं... आलोय मी... मागं पन आलो व्हतो, लिंबाखाली... सूनबाई व्हती संगं... तिनं साखर घातली म्हनून जगलो..."

 शालनबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे... आणि दोन्ही हातांनी तो जरीचा पुडा टराटरा फाडला! अर्धी साखर शालूवर सांडली. बाटलीतल्या पाण्यात कालवून पूनम घोटघोट पाजत होती, आणि शालनबाई नवऱ्याचं डोकं छातीशी धरून देवाला नाही, सुनेलाच विनवत होत्या, "वाचव गं त्यांला... वाचव!"

थोड्या वेळानं घाम ओसरला, डोळ्यांत ओळख आली. अजिंक्यनं धावत जाऊन रस्त्याकडेच्या हातगाडीवरची केळी आणली. ती पूनमच्या हातात देताना त्याला तिच्याकडे बघवेना. "पूनम, मी..." एवढंच बोलून तो पुन्हा स्टिअरिंगशी जाऊन बसला.

"लिंबाखाली उभं ऱ्हायलास," शालनबाई नवऱ्याला म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच त्यांना एकेरीत हाक मारली होती. "लेकीला बघून आलास! आन् मी? मी तिच्या नावानं चुलीम्होरं रडायची, तुझ्या भ्यानं! मला न्यावं वाटलं न्हाई तुला?" मग त्या पूनमकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. "तू तरी मला न्यायचं व्हतंस गं!"

"शपथ घातली होती, आई..."

"मी तुला मारेकरी म्हटलं, तवाबी बोलली न्हाईस?"

 पूनमच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. शालनबाईंनी पदरानं ते पुसलं आणि मुलाला म्हणाल्या, "जयदीपच्या आईला फोन कर, दुसरा पुडा आन म्हनावं. वाट मोकळी झाली की गाडी वळव. ह्यांच्या पोटात जेवान जायला पायजे ना? मग ते देहूरोडला!"

साधनानं दार उघडलं तेव्हा तिचे हात पिठानं माखलेले होते. समोर बाप, मागे आई, भाऊ, आणि आजवर न पाहिलेली भावजय... ती दाराच्या चौकटीला धरून तशीच उभी राहिली. यशवंतरावांनी गाडीत किती वाक्यं जुळवली होती कोण जाणे. त्यातलं एकही बाहेर येईना.

"पोरी," ते शेवटी म्हणाले, "भूक लागलीय गं. वाढशील?"

साधना त्यांच्या गळ्यात पडली. शालनबाईंनी मात्र पूनमला ओढून पुढे केलं. "आधी हिला बघ! हिच्यापायी तुझा बाप जिता हाय. मला म्हातारीला कळलं न्हाई गं, हीबी माझी लेकच हाय!" आणि भर दारात त्यांनी सुनेला उराशी घट्ट आवळलं.

"आई, आधी बाबांना वाढू द्या हो," त्या मिठीतूनच पूनम कशीबशी म्हणाली, आणि त्यावर सगळेच रडू लागले.