काहीही संपत नसताना

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती त्याला चक्क हमाल समजली.

सेमिस्टर संपली होती आणि मुलींचं होस्टेल रिकामं व्हायचा दिवस होता. एरवी पुरुषांना जिन्याच्या पहिल्या पायरीपुढे येऊ देत नसत. त्या दिवशी मात्र बाप, भाऊ, काका, मामा सगळे वळकट्या खांद्यावर टाकून वर-खाली करत होते. तळमजल्यावर ‘पालक कक्ष’ अशी पाटी लावलेली एक लांबट खोली होती. तिथे ती सकाळपासून उभी होती. कॉलेजने तिला नेमलं होतं तेच मुळी या कामासाठी. मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना काय हवं-नको ते बघायचं. कुणाला सुतळी हवी, कुणाला रिकामी खोकी हवीत. कुणाच्या आईला चक्कर येतेय, तर कुणाची लेक नापास झाल्याचं घरी कसं सांगू म्हणून बाथरूममध्ये दडून बसलीय. मुली तिला ताई म्हणत. मुलींचे आईवडीलही ताईच म्हणत.

दारात एक उंच, सडपातळ माणूस घुटमळत होता. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, हातांवर बारीक बारीक चरे.

“अहो, उभे काय राहिलात? दुसरा मजला, टोकाची खोली. मोठं खोकं आहे. जपून आणा.”

तो गेला आणि खोकं घेऊन आला. तिने दुसरं सांगितलं, तेही आणलं. एका आजीबाईंना हात धरून खाली उतरवलं, एका बाळाला कडेवर घेऊन गेटपर्यंत पोचवलं. जरा गर्दी ओसरल्यावर तिने त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला.

“तुमचे किती झाले?”

“काय किती?”

“हमाली हो.”

त्याला ठसका लागला. “हमाली राहू द्या... माझी बहीण तेवढी द्या. तिला न्यायला आलोय मी.”

तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. “मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही बोलू दिलंत कुठे?”

तेवढ्यात जिन्यावरून त्याची बहीण ओरडत आली, “दादा! अरे, केव्हाची शोधतेय तुला! इथे ताईंशी गप्पा मारतोयस होय?”

“गप्पा?” तो म्हणाला, “बारके, नोकरीला लागलोय मी इथे.”

त्याचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांना, तसबिरींना, कपाटांना काचा बसवून द्यायचा. आईवडील लवकर गेले. बारकीला त्यानेच वाढवलं, वेण्या घालायलाही तोच शिकला. हे सगळं बारकीने सांगितलं. त्याने स्वतःबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

त्यानंतर दर सेमिस्टरच्या शेवटी तो यायचा. बहिणीचं सामान ते काय, दोन बॅगा. पण आला की बाह्या दुमडून सगळ्या मजल्यांवर फिरायचा.

“आलात?” ती म्हणायची. “तिसऱ्या मजल्यावर गाद्या आहेत.”

“मजुरी वाढलीय, मॅडम.”

“आधी काम बघू, मग मजुरीचं.”

“आणि चहा?”

“चहा पालकांना असतो. हमालांना नसतो.”

पण ती चहा द्यायची. कपाच्या कानाशी दोघांची बोटं क्षणभर लागायची. मग तो खिडकीशी जाऊन चहा प्यायचा आणि ती उगाच सुतळीचा गुंडा सोडून परत गुंडाळत बसायची.

संध्याकाळी शेवटची गाडी गेली की होस्टेल एकदम ओकंबोकं व्हायचं. सगळ्या खोल्यांची दारं सताड उघडी, वाऱ्याने एखादं मधूनच आपटायचं. ती खुर्च्या एकावर एक रचायची, दिवे मालवायची आणि आपल्या खोलीवर जायची. तिला न्यायला यायचं असं कुणी नव्हतं. आई गेल्यापासून ती ओट्यापाशी उभ्या उभ्याच जेवायची. एका माणसासाठी ताट मांडून बसायचं म्हणजे तिला कसंसंच व्हायचं.

आणि मग कित्येक महिने तो दिसायचा नाही. दिसेल कसा? सेमिस्टर संपल्याशिवाय त्याला यायचं कारणच नव्हतं.

एकदा बारकीचे दोन विषय राहिले. भीतीपोटी तिने ते दादाला सांगितलं नाही, आणि त्याला ते बाहेरून कळलं. तो आला तेव्हा ओठ घट्ट मिटलेले. बारकीचे डोळे रडून सुजलेले. दोघांत एक शब्द नाही.

ताईकडे अशा वेळी एक उपाय असायचा. होस्टेलच्या जुन्या लोखंडी ट्रंकांना दोन बाजूंना दोन कड्या होत्या. घरच्यांत अबोला दिसला की ती दोघांच्या हातात एकच ट्रंक द्यायची. ट्रंक घेऊन जिना उतरायचा म्हणजे बोलावंच लागतं. हळू, वळण आलं, थांब, हात बदलू दे. असं बोलता बोलता खालपर्यंत आलं की निम्मा राग गळून गेलेला असायचा. त्या दिवशी तिने बारकीची पुस्तकं ट्रंकेत भरली आणि एक कडी भावाच्या हातात दिली, दुसरी बहिणीच्या.

खाली पोचेपर्यंत बारकी हुंदके देत बोलत होती आणि तो म्हणत होता, “अगं, पण मला सांगायचंस ना, वेडे.”

जाताना तो तिच्यापाशी थांबला. “ती ट्रंक मी एकटा खांद्यावर नेली असती.”

“माहीत आहे.”

“हं...” तो तिच्याकडे बघत राहिला. “तुम्ही फार लबाड आहात.”

त्या एका वाक्यावर तिने पुढचे कित्येक महिने काढले.

आणि मग शेवटची सेमिस्टर आली. बारकी पास झाली होती. दूरच्या शहरात तिला नोकरी लागली होती, संध्याकाळच्या गाडीने ती तिकडेच जाणार होती. पुस्तकं, गाद्या, जुनं सामान दादा टेम्पोतून घरी नेणार होता. म्हणजे आता तो इथे पुन्हा कशाला येईल?

सकाळपासून ती त्याला टाळत होती. तो दारातून आला तशी ती मागच्या दाराने कोठीत गेली. तो चहाला आला तेव्हा तिने चहा एका मुलीच्या हाती पाठवला. दर वेळी लोकांना हसून निरोप देणं हे तिचं कामच होतं. पण हा निरोप तिला जमणार नव्हता.

कोठीतून परतली तेव्हा पालक कक्षात एक गृहस्थ बसले होते. साठीकडे झुकलेले, इस्त्रीचा शर्ट, पण एक बटण चुकीच्या काजात. लेकीला न्यायला आले होते. त्यांच्या पत्नीला ती ओळखत होती, दर वेळी त्याच यायच्या. हिवाळ्यात त्या गेल्या.

“ताई, एक विचारू?” ते म्हणाले. “ही आली की खोलीत काय काय बघायची? मुलगी म्हणतेय सगळं घेतलं. पण ही काहीतरी बघायची. मला माहीतच नाही.”

ती त्यांच्या शेजारी बसली. “उशीचे अभ्रे काढून घ्यायच्या. दोरीवरचे चिमटे मोजायच्या. खिडकीत साबणाची वडी राहते, ती कागदात गुंडाळून घ्यायच्या. आणि दाराच्या मागे बघायच्या. दाराच्या मागे टॉवेल राहतोच, म्हणायच्या.”

“दाराच्या मागे,” ते म्हणाले. “लोक विचारतात, काही बोलायचं राहून गेलं का. तसं काही राहिलं नाही हो. मोठं काही बोलायचं नव्हतंच आमचं. चहात साखर कमी पडली, छत्री घेतली का, असलं बोलायचो आम्ही. तेच आता कुणाशी बोलायचं ते कळत नाही.”

ते उठून वर गेले. थोड्या वेळाने लेकीबरोबर खाली आले तेव्हा त्यांच्या हातात टॉवेल होता. त्यांनी तो तिला लांबूनच दाखवला.

ती तशीच बसून राहिली. चहात साखर कमी पडली... काचवाल्याशी असलं साधं बोलणं तिचं एकदाही झालं नव्हतं. तो यायचा तेव्हा सगळं आवरायची घाई असायची, कुणीतरी रडत असायचं, कुणाची तरी गाडी निघायची असायची.

“ताई!” बारकी समोर उभी होती. चेहरा अगदी साधाभोळा. “माझी ट्रंक फार जड झालीय. दादाला एकट्याला नाही उचलवत. मैत्रिणी गेल्या सगळ्या. एक बाजू धरता का?”

“तुझ्या दादाला? नाही उचलवत?”

“म्हातारा झालाय आता तो.”

आपलीच विद्या आपल्यावर उलटलेली तिला दिसली, पण ती उठली.

वर तो ट्रंकेपाशी उभा होता. तिला पाहून बहिणीकडे बघायला वळला, तर बहीण पसार. दोघांनी एकेक कडी धरली आणि उचलली. ट्रंक खरंच जड होती.

“मी खालच्या बाजूला राहतो,” तो म्हणाला. “वजन माझ्याकडे येईल.”

“मला झेपेल.”

“झेपेल हो. पण माझ्या चालीने चला. मोठी काच दोघांनी न्यावी लागते. एकाने घाई केली की दुसऱ्याचा हात कापतो.”

“म्हणून हातांवर एवढे चरे? घाईची माणसं भेटली वाटतं.”

“घाईची भेटली. टाळणारी आजच भेटली.”

ती पायरी चुकता चुकता राहिली. जिन्याच्या वळणावर त्यांनी ट्रंक खाली ठेवली. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. खालून कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं.

“तुम्ही इथे पुन्हा यायचं काही कारण उरलं नाही,” ती म्हणाली.

“नाही उरलं.” तो कडीवरची धूळ अंगठ्याने पुसत होता. “मीही सकाळपासून तेच शोधतोय. सापडत नाही.”

“एक सांगू? हसू नका पण.”

“सांगा.”

“दर वेळी आपण भेटलो ते काहीतरी संपताना. तुमची गाडी उभी, माझी माणसं ताटकळलेली... मला एकदा...” ती खिडकीकडे वळली. “मला एकदा काहीही संपत नसताना भेटा. कारण नसताना. भेटाल?”

तो काहीतरी म्हणणार तेवढ्यात वरून एक कुटुंबच्या कुटुंब गाद्या घेऊन उतरलं आणि कुणाचा तरी मामा ओरडला, “अहो, ट्रंक हलवा! वाट अडवून काय बसलाय?”

दोघांनी घाईने ट्रंक उचलली. खाली टेम्पोवाला भोंगा वाजवत होता. बारकी तिच्या गळ्यात पडून रडली. दोर आवळता आवळता त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, मान हलवली. पण ती मान हो म्हणून हलली की निघतो म्हणून, ते तिला कळलं नाही. टेम्पो गेला.

सुट्टी लागली. खोल्या झाडताना मागे राहिलेल्या वस्तू निघाल्या — एका पायातली चप्पल, कंगवा, कुणाचा तरी चष्मा. ती त्यांना चिठ्ठ्या लावत पालक कक्षात बसायची. रंगारी वरच्या मजल्यावर भिंती घासत होते. कुणाचा पाय वाजला की ती मान वर करायची आणि मग स्वतःवरच चिडायची. आठवडा गेला. बोललो तेच चुकलं, असं तिला वाटायला लागलं. न बोलता निदान त्याची वाट तरी बघता आली असती. आता तेवढीही सोय राहिली नव्हती.

एका दुपारी पावलं वाजली. रंगाऱ्याचा माणूस असेल म्हणून तिने वर पाहिलंच नाही.

“येऊ का?”

तो दारात उभा होता. धुतलेला शर्ट, आणि हातात काही म्हणजे काही नाही. त्यामुळे हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. आधी खिशात घातले, मग बाहेर काढले.

“बारकीचं काही राहिलंय का?” ती पटकन म्हणाली. सवयीने म्हणाली, आणि जीभ चावली.

“नाही. काही राहिलेलं नाही.”

“मग?”

“मग... काही नाही.” तो आत आला. “रोज निघायचो. दुकानाच्या पायरीवरून परत फिरायचो. गेल्यावर काय सांगायचं तेच सुचेना. आज ठरवलं, काही सांगायचं नाही. नुसतं जायचं.”

“आणि दुकान?”

“बंद केलं. गिऱ्हाईक म्हणालं, भरदुपारी कुठे निघालात? म्हटलं, मला एक बाई आवडते, तिच्याकडे चाललोय.”

वर रंगाऱ्यांचं घासणं तेवढं ऐकू येत होतं.

“गिऱ्हाइकाला सांगितलंत?” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही येत होतं. “माझ्याआधी?”

“सराव नको का करायला?”

तिने रचलेल्या खुर्च्यांतल्या दोन ओढून काढल्या, पदराने पुसल्या आणि समोरासमोर ठेवल्या. मग त्यातली एक उचलून दुसरीच्या शेजारी ठेवली.

“बसा. किती वेळ आहे तुमच्याकडे?”

“तुम्ही उठा म्हणेपर्यंत.”

“मग तुमचं दुकान बुडालंच म्हणायचं,” ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला गेली.