एकाच नंबरावर दोघं

गल्लीत त्याला सगळे डॉक्टर म्हणत. बॅग घेऊन घरोघरी जायचं, आजारी कॉम्प्युटर उघडायचा, आणि रोगी दगावला तरी मागे रडायला कोणी नाही, असा त्याचा दवाखाना. त्या दुपारी त्याला दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी बोलावलं होतं. बाई निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या. मुलगी वर्षापूर्वी तापाने गेली. जाण्याआधी तिने गंमत म्हणून कॉम्प्युटरमध्ये आपला आवाज भरून ठेवला होता. बडबड, हसणं, आईची नक्कल. बाई रोज जेवण झालं की तो ऐकत बसायच्या. आठवड्यापासून मात्र कॉम्प्युटर मुका झाला होता.

"फोटो ढीगभर आहेत हो," बाई म्हणाल्या. "पण आवाज तेवढा इथेच आहे."

"दहा मिनिटांचं काम," डॉक्टर म्हणाला. तसं ते होतंही. मशीनमधल्या प्रत्येक कार्डाला मशीनला हाक मारायला स्वतःचा एक नंबर असतो. आवाज काढणाऱ्या साउंड कार्डाचा नंबर पाच. पडद्यावरच्या यादीत पाचवरच आणखी कोणीतरी बसलं होतं, नावाच्या जागी नुसतं 'अनोळखी उपकरण'.

"एका म्यानात दोन तलवारी," त्याने बाईंना समजावलं. "दोघं एकाच नंबरावरून हाक मारतात, मग मशीन कुणाचंच ऐकत नाही. एकाला हलवलं की झालं."

त्याने स्क्रू काढून झाकण उघडलं. धुळीचा वास आला, आणि धुळीखालून तापकऱ्याच्या अंथरुणाला येतो तसला आंबूस वास. आत साउंड कार्ड एकटंच होतं. शेजारच्या सगळ्या खाचा रिकाम्या. मग तो दुसरा नंबर कोणाचा?

त्याने साउंड कार्ड सातवर नेलं. ते दुसरंही सातवर आलं. दहावर नेलं, तर दहावर. आता अकरा करून बघू असं तो मनाशी म्हणतोय, तोवर यादीत ते अकरावर जाऊन बसलेलंही होतं. डॉक्टरने चटकन स्पीकरची वायर उपटली.

वायर त्याच्या हातातच होती, तेव्हा स्पीकर बोलला.

"आई... मला जागाच नाही गं..."

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी स्पीकरवर हलकेच हात ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा.

"डॉक्टर... तिला जागा कशी मिळेल?"

जिभेला हाड नसतं. वीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला जे सांगत आला, तेच तो घाबराघुबरा होऊन बोलून गेला. "एकाला उठावं लागतं, बाई..."

"कोणीही उठलं तरी चालतं?"

त्याने नुसती होकारार्थी मान हलवली. त्याला फक्त तिथून निघायचं होतं. तो स्क्रू गोळा करू लागला, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "झाकण राहू द्या उघडंच. तुम्ही या आता."

घरी त्याला घास गोड लागेना. आपण त्या बाईंना काय सांगून आलो, हे हळूहळू त्याच्या ध्यानात येत गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो धावतच जिना चढला.

दार नुसतं लोटलेलं होतं. पडद्यावर यादी उघडी होती. प्रत्येक नंबरावर एकेकच नाव, भांडण कुठेच नाही. बाई खुर्चीत पाठमोऱ्या बसल्या होत्या, पाय वर घेऊन, गुडघ्यांना मिठी मारून, काहीतरी गुणगुणत.

"बाई..."

त्या वळल्या. चेहरा बाईंचा, पांढरे केसही बाईंचेच. आवाज मात्र कोवळा.

"आलात का काका? बरं झालं. आईचा आवाज फार बारीक येतोय... जरा मोठा करा ना."

स्पीकरमधून, खूप लांबून, कोणीतरी बोलत होतं. डॉक्टरने कान लावला.

"डॉक्टर... इथे दिवा लावा हो... कोणीतरी दिवा लावा..."

त्याने आवाजाचं बटण धरलं. ते आधीच शेवटपर्यंत फिरवलेलं होतं.