उभ्या गाडीतच बोलणारा सेट

लाईट येईल तेव्हा येईल, तोवर जरा जवळ सरका. आणि मधूनमधून हुंकार द्या रे, नाहीतर मला वाटेल मी भिंतीशी बोलतोय. ही गोष्ट ऐकीव नाही. चंपतराव आपल्या वांकिडीचा, माझ्याच आळीतला. मी ती त्याच्या तोंडून ऐकली आणि त्याच्या बायकोच्या, बयनाबाईच्याही. एरवी त्या दोघांचं भाजीतल्या मिठावरसुद्धा एकमत व्हायचं नाही. या गोष्टीत मात्र कधी फरक पडला नाही.

साल चौऱ्याण्णव. पोळा तोंडावर आला होता. चंपतराव जीप घेऊन आसिफाबादला गेला तो हॉर्न दुरुस्त करायला. जीप त्याची नव्हे, गावच्या धर्मादाय दवाखान्याची, पेशंट नेणारी. हा तिच्यावर ड्रायव्हर. जीपमध्ये वायरलेसचा सेट बसवलेला होता. दवाखान्यातून कौशल्याबाई सिस्टर बोलायच्या, इकडून ड्रायव्हर माईकचं बटण दाबून उत्तर द्यायचा.

पण सेटला एक खोड होती, मुद्दाम घातलेली. गाडी उभी करून हॅण्डब्रेक ओढला तरच तो चालायचा. ब्रेक सोडला की मुका. त्याला कारण फकिरा. चंपतरावच्या आधीचा ड्रायव्हर. एका रात्री माईकवर बोलता बोलता आसिफाबादपुढे, रेब्बेना गावाच्या अलीकडे रस्ता सोडून तो जीपसकट गिट्टीच्या जुन्या खदानीत गेला आणि मेला. रस्ता सरळ होता, हवा कोरडी होती, आणि माणूस असा की बिडीसुद्धा ओढत नव्हता. का गेला ते कोणालाच कळलं नाही. त्यानंतर दवाखान्याने नव्या जीपला ही युक्ती करून घेतली.

चंपतरावला ती मुळीच मानवत नव्हती. बोलक्या माणसाला दिवसभर गप्प बसवलं तर त्याचं पोट फुगतं, तसं त्याचं व्हायचं. हॉर्न झाला तसा तो डोमाजी मिस्त्रीला म्हणाला, "डोमाजी, हे ब्रेकचं झंझट काढून टाक ना बाबा. दोन शब्द बोलाले गाडी उभी करा लागते."

डोमाजी सीटखाली वाकला. "त्यात काय हाये? ब्रेक ओढला का ही वायर बॉडीले टेकते. मी कायमचीच टेकवून देतो. सेटले वाटते, गाडी उभीच हाये."

"त्याले वाटू दे काय वाटायचं ते," चंपतराव हसला.

काम चुटकीसरशी झालं. परतीच्या वाटेवर गडी वांकिडीपर्यंत बडबडत आला. कौशल्याबाई रागावल्या, पण वर कळवणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

पोळ्याला गावात बैल सजले. चंपतरावकडे बैल नव्हते, म्हणून त्याने जीपलाच हार घातला आणि बॉनेटवर गेरूचे ठिपके काढले. बयनाबाई दारातून म्हणाली, "आता तिले पुरणपोळीबी चारा!" तर याने खरंच एक पोळी बॉनेटवर ठेवली. सगळी आळी हसली. त्यांची कुसुम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती, ती पोट धरून हसली.

त्याच रात्री कुसुमला कळा सुरू झाल्या. कौशल्याबाईंनी तपासलं आणि चंपतरावला बाहेर बोलावलं.

"मूल आडवं हाये. ऑपरेशन लागन. बेल्लमपल्लीले न्या, आत्ताच्या आत्ता. माझ्याजवळ दुसरी बाई अडली हाये, मले हलता येत नाही. सेटवर बोलत राहीन मी. पोरीचं कसं हाये ते सांगत राह्यजा."

मागच्या बाकावर कुसुम, तिचं डोकं बयनाबाईच्या मांडीवर. पुढे चंपतराव एकटा. बाजूची सीट रिकामी. बॉनेटवरचा हार तसाच राहिला होता.

आसिफाबादपर्यंत सारं नीट झालं. उजवा हात स्टिअरिंगवर, डाव्या हातात माईक. बाई विचारायच्या, तो मागे विचारून सांगायचा. त्याला मनातून बरंच वाटत होतं. ब्रेकची ती भानगड असती तर प्रत्येक शब्दाला थांबावं लागलं असतं, आणि पोरीजवळ तेवढा वेळ नव्हता. डोमाजीला धोतरजोडी द्यायची, असं त्याने ठरवूनसुद्धा टाकलं.

आसिफाबाद सुटलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अमावास्येचा अंधार, दोन्हीकडे कपाशी, आणि हेडलाईटचा तेवढाच उजेड. सेट थोडा वेळ खरखरला. मग बाईंचा आवाज आला.

"चंपत..."

"बोला बाई."

"पोरगी कशी हाये?"

"कण्हून राह्यली. लवकर पोचतो."

"हाव. लवकरच पोचशीन."

बाई त्याला नेहमी चंपतराव म्हणत, अहो-जाहो करत. आज एकेरीवर आल्या. घाबरल्या असतील, त्याला वाटलं. आवाजही जरा ओला लागत होता. पावसाळी हवा, त्याने मनाची समजूत घातली.

"चंपत, रेब्बेन्याहून निरोप आला. पुढं पुलावर बैलबंड्या अडकल्या हायेत. बैल बसले. रस्ता बंद हाये."

"मंग आता वो बाई?"

"डाव्या हाताले कच्ची वाट हाये. बाभळीपासून. ती धर. पुढं सडकेलेच लागते."

बाभूळ आली. त्याने जीप डावीकडे वळवली. चाकं दगडांवर उडू लागली. मागे कुसुम ओरडली.

बयनाबाई म्हणाली, "अवो, हा कोणता रस्ता?"

"पुलावर बंड्या हायेत. बाईनं सांगतलं."

"कोन्या बाईनं?"

"अवं, सिस्टरनं! आयकून नाही राह्यली का तू?"

बयनाबाईने कान देऊन ऐकलं. मग हळूच म्हणाली, "सेट तर कवाचा चूप हाये... तुमी एकलेच बोलून राह्यले."

त्याने सेटकडे पाहिलं. लाल दिवा जळत होता.

"थांबू नको, चंपत."

आवाज त्याला ऐकू येत होता. अगदी जवळून.

"सरळ ये."

आणि तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आज पोळा. आज अख्ख्या मुलखात कोणी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही. आजच्या दिवशी रस्त्यावर बंड्या... कोणाच्या?

"बाई," तो म्हणाला. "बाई... बैल कोणाचे हायेत?"

सेट गप्प.

"बाई..."

"ये."

त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघेना. काढू म्हणतो, निघत नाही. जीप धावतेय. वाट उतरतेय. माईक हातातून सुटत नाही. बोटं बटणावर दाबलेली, आणि ती उघडत नाहीत.

"ये... ये..."

आता तो आवाज बाईचा नव्हता. बाप्याचाही नव्हता.

कुसुम किंचाळली...

आणि त्याच्या डाव्या मांडीजवळ आवाज झाला. कर्रर्र. हॅण्डब्रेक.

जीप मागून फरफटली. आडवी झाली. उभी राहिली.

शांत. फक्त इंजिन धडधडत होतं. हेडलाईट पुढे पडला होता, पण पुढे उजेड टेकायला काही नव्हतं. खाली, खूप खाली, काळं पाणी. ज्या खदानीत फकिरा गेला, तीच. बॉनेटवरचा हार तुटून काठावर पडला होता, आणि त्याच्या पलीकडे जमीन नव्हती.

तेवढ्यात सेट खरखरला.

"चंपतराव! अवो चंपतराव! आयकू येते का? कवाची बोलावून राह्यली मी तुमाले! आसिफाबाद सुटल्यापासून तुमचा आवाजच नाही. काऊन बोलत नाही? पोरगी कशी हाये?"

या कौशल्याबाई होत्या. हा आवाज बयनाबाईलाही ऐकू आला. ती मागच्या मागे रडायला लागली.

चंपतरावने माईक खाली टाकला. त्याने सीटखाली हात घातला, डोमाजीने जोडलेली तार ओढून तोडली आणि अंधारात फेकून दिली. ब्रेक सोडताना त्याला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. मग त्याने रिव्हर्स टाकला. बाभळीपर्यंत तो उलटा आला, आणि सडकेला लागल्यावर बेल्लमपल्लीपर्यंत सेट मुका होता आणि तोही मुका होता. तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा इतका वेळ गप्प बसला, असं बयनाबाई अजून सांगते. पुलावर बंडी नव्हती, बैल नव्हता, काही नव्हतं.

पहाटे कुसुमला मुलगी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाली, आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघींपैकी एकही हाती लागली नसती. चंपतराव दवाखान्याच्या पायरीवर बसून पोरासारखा रडला. बयनाबाईने त्याला उठवलं नाही, रडू दिलं.

उजाडल्यावर तो जीपकडे गेला. आतून सामान काढायचं होतं. बराच वेळ झाला तरी परत येईना, म्हणून बयनाबाई पाहायला गेली. तो दार उघडं टाकून उभा होता आणि हॅण्डब्रेककडे पाहत होता.

ब्रेकच्या मुठीवर जाड काळं रबर असतं. त्या रबरात पाच बोटं रुतली होती. मळलेल्या कणकेत रुतावीत तशी, खोल.

"तुमीच जोरानं ओढला असन," बयनाबाई म्हणाली.

त्याने मान हलवली. डाव्या हातात तर माईक होता. तरी त्याने डावा हात मुठीवर ठेवून पाहिला. ड्रायव्हर ब्रेक डाव्याच हाताने ओढतो. बोटं खुणांत बसेनात. त्याने दोनतीनदा पाहिलं.

मग तो जीपला वळसा घालून गेला, पलीकडचं दार उघडलं, बाजूच्या रिकाम्या सीटवर बसला आणि तिथून उजवा हात ठेवला.

पाचही बोटं बरोबर बसली.