दहावी बरगडी

"हसू नका!" मी काचेआडून ओरडले. "छातीचा एक्स-रे आहे, लग्नाचा फोटो नाही."

"सॉरी... पाटी इतकी गार आहे ना, गुदगुल्याच होतात," तो म्हणाला आणि पुन्हा फिस्सकन हसला.

अग्निशमन दलाच्या भरतीतला उमेदवार. धावण्यात पहिला, दोर चढण्यात पहिला... आणि अडला कुठे, तर एक्स-रेत! आधी दुसरीकडे काढलेल्या फिल्मवर 'हृदय मोठं' असा शेरा. आज दुपारपर्यंत नवा रिपोर्ट दिला नाही, तर नोकरी हातची जाणार.

ती जुनी फिल्म मी उजेडावर धरली. फुफ्फुसांवर मागच्या जेमतेम सातच बरगड्या दिसत होत्या. पूर्ण श्वासात नऊ-दहा तरी दिसायला हव्यात.

"तेव्हाही हसण्याच्या नादात तुम्ही अर्धाच श्वास घेतला असणार. फुफ्फुसं नीट फुगली नाहीत, की हृदय आहे त्यापेक्षा मोठं दिसतं."

"म्हणजे... ते मोठं नाहीये?" त्याचं हसू पार मावळलं. "आईला अजून सांगितलेलं नाही मी."

"ते नवी फिल्म सांगेल. पण अर्ध्या श्वासाची फिल्म माझ्या हातून बाहेर जाणार नाही. म्हणजे नाही!"

मी पाटीवर दोन्ही तळवे घासत राहिले, गारवा मरेपर्यंत. तो बघत होता... आणि माझे कान उगाचच तापले.

"या. छाती टेकवा. हनुवटी वर, खांदे पुढे. मी सांगेपर्यंत श्वास सोडायचा नाही."

"तुम्ही म्हणाल तसं," तो हळूच म्हणाला.

"भरून श्वास घ्या... रोखा!"

पडद्यावर चित्र उमटलं. गळ्याची दोन्ही हाडं मणक्यापासून सारख्या अंतरावर, म्हणजे गडी सरळ उभा होता. बरगड्या... आठ, नऊ, दहा! हृदय छातीच्या निम्म्या रुंदीपेक्षाही कमी. मी टाळीच वाजवली आणि शेजारच्या खोलीतून डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी चष्मा सावरून नीट पाहिलं.

"छान आहे की. काही दोष नाही."

मी वळले. तो अजून पाटीला चिकटलेला, लालबुंद...

"अगंबाई! सोडा, सोडा श्वास!"

"हुश्श..." तो भिंतीला टेकला. "तुम्ही सांगितलंच नाहीत."

"अहो, जीव गेला असता ना!"

धापा टाकत तो हसला. "उद्यापासून ट्रेनिंग. सहा महिने सुट्टी नाही. नंतर... पुन्हा एक्स-रे काढावा लागेल का?"

"अजिबात नाही. उगाच काढत नसतात."

त्याचा चेहरा पडला. रिपोर्ट घेऊन तो दाराशी पोचलाही. आता गप्प बसले असते, तर जन्मभर हळहळले असते.

"एक्स-रेशिवायही येता येतं इथे," मी म्हणाले. "मला आवडलात तुम्ही. सहा महिने थांबेन मी."

तो वळला. माझ्याकडे बघतच राहिला, आणि या खेपेला अजिबात हसला नाही.

"आता तुम्ही श्वास सोडा," तो म्हणाला. "येणार आहे मी."