ठिगळांची चादर

मुलांनो, डोळे मिटा आणि निजामाच्या राज्यातली आपली गुलमंडी समोर आणा. दोन्ही बाजूंना कापडाची दुकानं, मध्ये चौक, चौकात एक दगडी ओटा. ओट्यावर रामकिसन शिपाई उभा आहे. त्याचा हात आडवा झाला की टांगे, सायकली, बैलगाड्या थांबतात आणि पायी माणसं रस्ता ओलांडतात. आता तो ओटा रिकामा करा. दुपार झाली आहे, रामकिसन घरी भाकरी खायला गेला आहे. सांगा बरं, आता आधी कोण जाणार?

बरोबर. पायी चालणारा. शिपायाचा हात नसेल तिथं गाडीवाल्यानं आपणहून वेग कमी करायचा, थांबायचं, माणसाला पलीकडं पोचू द्यायचं. पुढची गाडी थांबलेली दिसली, तर ती कुणासाठी तरी थांबली आहे असं समजायचं. तिला वळसा घालून पुढं घुसायचं नाही. एवढं टांग्याच्या घोड्यालाही कळत होतं. नानासाहेब गुत्तेदारांना कळत नव्हतं.

नानासाहेब सडका बांधायचे गुत्ते, म्हणजे ठेके, घेत आणि हैदराबादेहून आणलेली मोटार स्वतः चालवत. भोंगा वाजवला की आपलं काम संपलं, उरलेलं लोकांनी बघावं, अशी त्यांची समजूत. त्यांना मूर्ख म्हणून सोडून देता आलं असतं. पण मूर्ख माणूस सगळ्यांशी सारखाच वागतो. हवेलीतल्या बेगमा रस्ता ओलांडायच्या तेव्हा नोकर दोन्ही बाजूंनी रेशमी पडदे धरत. ते दिसले की नानासाहेब लांबूनच मोटार थांबवत, खाली उतरून मान झुकवत. म्हणजे नियम त्यांना पाठ होता. तो कुणासाठी पाळायचा, एवढंच ते ठरवत.

अमिनाची चादर रेशमी नव्हती. ठिगळांची होती. घराणं कधीकाळी बरं होतं. आता पडदा धरायची रीत तेवढी उरली होती. अमिनाची आई अजरा तापानं खंगली होती. पलीकडचे हकीमसाहेब दुपारच्या नमाजानंतर बायकांना तपासत आणि काढा समोर बसवून पाजत. काढा एक दिवस जरी चुकला तरी ताप डोक्यात चढेल, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून रोज, नेमकी रामकिसनच्या भाकरीच्या वेळी, दहा-अकरा वर्षांची अमिना चादरीचं एक टोक धरायची आणि तिची खाला, म्हणजे मावशी, आबेदा दुसरं. दोन बाजूंना पडदे धरायला चार माणसं लागतात. यांच्याकडं दोनच होती. म्हणून मोटारी येतात त्या बाजूला चादर, दुसरी बाजू उघडी. त्या आडोशानं अजरा हळूहळू चालायची.

मी शाळेतून चहाला समोर बद्रीनाथच्या हॉटेलात जात असे. त्यामुळं हे सगळं डोळ्यांसमोर घडलं.

एके दिवशी चांदपाशाचा टांगा चादरीपाशी थांबलेला होता. मागून नानासाहेबांचा भोंगा सुरू झाला.

"नानासाब, जरा ठहरो ना," चांदपाशा म्हणाला. "बाई बीमार है."

"मग घरी निजावं. रस्ता काय हिच्या बापाचा हाय?"

"बापाचा असता तर इतके खड्डे नसते, साब."

हॉटेलातली माणसं हसली. नानासाहेबांना ते झोंबलं. त्यांनी टांग्याला वळसा घातला आणि चादरीच्या काठाला घासून मोटार नेली. अजरा मागं कोसळली. तिला उचलून घरी न्यावं लागलं. काढा चुकला. रात्रभर ती बरळत होती, असं आबेदानं बद्रीनाथला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. अजराला धड उभं राहवत नव्हतं. आज पलीकडं पोचणं भागच होतं.

मी पाहिलं, तर उघड्या बाजूलाही चादर होती.

पांढरी, नवी, एकही ठिगळ नसलेली. कुणी शेजारणी मदतीला आल्या असतील, असं मला वाटलं. पण टोकं धरणारे हात दिसेनात. वारा सुटला होता. दुकानांवरचे ताडपत्रीचे आडोसे फडफडत होते, अमिनाची चादर फुगत होती. ती पांढरी चादर मात्र भिंतीसारखी सरळ.

"चांदपाशा, ती दुसरी चादर कुणाची?" मी विचारलं.

त्यानं घोड्याच्या डोळ्यांवर हात ठेवला होता. "मास्तर, तुम्ही चहा प्या," तो म्हणाला.

अमिनाच्या चादरीखालून वीतभर जमीन दिसत होती. तिथं अजराच्या हिरव्या चपला सरकत होत्या. त्यांच्या मागं अनवाणी पावलं होती. बरीच. काही म्हाताऱ्यांची, काही लहान. सगळी एकाच दिशेनं, अजराच्या चालीनं चालत होती. जमिनीवर धूळ होती, पण ठसे हिरव्या चपलांचेच उमटत होते.

"अमिना," मी ओरडलो, "आत कोण आहे?"

"मैं नहीं देखती, मास्तरसाब," ती मान न वळवता म्हणाली. "चादर धरणाऱ्यानं आत बघायचं नसतं."

तेवढ्यात भोंगा वाजला.

नानासाहेबांनी थांबलेला टांगा पाहिला. चादर पाहिली. ठिगळंही पाहिली. त्यांनी वेग वाढवला.

अजरा अजून मध्येच होती.

मोटार चादरीत शिरली. चादर फाटली नाही. भोंग्याचा आवाज मध्येच तुटला.

मग पांढऱ्या चादरीतून मोटार बाहेर आली. चालत्या माणसाच्या वेगानं. सुकाणूच्या चाकावर हात नव्हते. मागं कुणी नव्हतं. ती रामकिसनच्या ओट्याला टेकली आणि बंद पडली.

अजरा हकीमसाहेबांच्या पायरीवर पोचली होती. तिला ओरखडाही नव्हता. आबेदानं आपल्या हातातलं टोक दाराच्या कडीत अडकवलं आणि तिला सावरत वर नेलं.

पांढरी चादर नव्हती. अनवाणी पावलंही नव्हती.

अमिनाच्या चादरीखाली तपकिरी बूट होते.

ते चालत होते. पुढं सरकत मात्र नव्हते.

"पोरी," चादरीमागून नानासाहेबांचा आवाज आला, अगदी हळू. "मला पलीकडं जाऊ दे."

मी उठून चादरीच्या दुसऱ्या अंगाला गेलो. तिथं मोकळा रस्ता होता, ऊन होतं.

"पोरी, किती लांब हाय गं अजून?"

वरून हकीमसाहेबांनी हाक मारली. काढा तयार होता, अजराला धरून बसवायला आणखी एक माणूस हवं होतं.

अमिनानं वर पाहिलं. मग कडीतलं टोक सोडवलं. चादर झटकली, मध्ये दुमडली, पुन्हा दुमडली. शेवटची घडी बसेना, तेव्हा पायरीवर ठेवून ती गुडघ्यानं दाबली, बसेपर्यंत दाबत राहिली, आणि चादर बगलेत मारून आईकडं वर गेली.