मोहिनीजवळ बसायला कुणीतरी हवं

मी सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात नर्स आहे. दोन वर्षांपासून पोलिसांबरोबरच्या पथकात जाते. कुणी मनानं कोलमडून स्वतःच्या जिवावर उठलं असेल, तर कंट्रोल रूममधून फोन येतो आणि आम्ही दोघी निघतो, मी आणि हवालदार सुवर्णा. साध्या कपड्यांत, सायरन न लावता. आतापर्यंत कितीतरी घरांत शिरलेय, कितीतरी जणांच्या हातातल्या वस्तू काढून घेतल्यात. हे एवढ्यासाठी सांगते, की मी चटकन घाबरणारी बाई नाही.

एप्रिलमध्ये मखमलाबादच्या पुढच्या एका मळ्यातून फोन आला. आम्ही पोहोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. भिमाजी नावाचा साठीतला शेतकरी बांधावर उभा होता. मागे गुलाबाची शेड, पांढऱ्या प्लॅस्टिकची, उन्हात डोळे दिपवणारी.

"माझी मंडळी हाय आत, नवसाबाई," तो म्हणाला. "आठ दिस झाले, झोप नाय, अन्न नाय. रोज दुपारी इथं येऊन बसती. कुणाशी तरी बोलती. आज म्या हात धरून उठवाया गेलो, तर विळा गळ्याला लावला तिनं."

"कुणाशी बोलतात?"

भिमाजी पायातल्या चपलेनं ढेकूळ फोडत राहिला.

आत पाऊल टाकलं आणि दमट वाफ तोंडावर आली. गुलाबांचा वास, आणि त्याच्याखाली फवारणीच्या औषधाचा कडवट वास. बाहेर पानही हलत नव्हतं, तरी छताचं प्लॅस्टिक हळूहळू वर जायचं, खाली यायचं. श्वास घेतल्यासारखं.

सुवर्णा दाराशी थांबली. मी सरींमधून पुढे गेले. शेवटच्या सरीत नवसाबाई मांडी घालून बसली होती. विळ्याचं पातं गळ्याला टेकलेलं. मी चार हातांवर खाली बसले.

"मावशी, मी रूपाली. दवाखान्यातून आलेय. तुम्हाला ओढून न्यायला नाही आले."

"हळू बोल," ती कुजबुजली. "आत्ता कुठं तिचा डोळा लागलाय."

"कुणाचा?"

"मोहिनीचा."

तिच्या शेजारी फक्त ओली माती होती. अशा वेळी खोटं बोलायचं नाही आणि वादही घालायचा नाही, असं आम्हाला शिकवलंय.

"मला ती दिसत नाही, मावशी. पण तुम्हाला दिसते, आणि तुमचा जीव टांगणीला लागलाय, हे कळतंय मला."

मग ती बोलायला लागली. मोहिनी सुरगाण्याकडून कामाला आलेली पोर. मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी फुलं काढत होती. "गरगरतं म्हनली. म्या म्हनलं, एवढी सरी काढ, मंग बस. आन् मी जेवाया गेले… आले तवा इथंच आडवी पडलेली. एकलीच गेली बाई. आमच्या धन्यानं तिच्या घरी सांगितलं, इथं न्हाय, वाटंत चक्कर येऊन पडली म्हून…" तिनं पातं आणखी दाबलं. पात्याखाली रक्ताची बारीक रेघ उमटली. "आता म्या उठले, तर ती पुन्हा एकली पडंल."

"मी बसते तिच्याजवळ," मी म्हणाले. "तुम्ही सुवर्णाबरोबर चला. मी बसते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "खरं?"

"खरं."

तिनं विळा माझ्या हातात दिला. सुवर्णानं पुढे येऊन तिला आधार दिला आणि दोघी बाहेर गेल्या.

मी बसून राहिले. दिलेला शब्द मोडला की ते माणूस पुन्हा कुणावर विश्वास ठेवत नाही. दोन मिनिटं बसायचं आणि उठायचं, असं मी मनाशी ठरवलं.

कट…

फुलांच्या कात्रीचा आवाज. पलीकडच्या सरीत. थोडं थांबून पुन्हा… कट. शेडमध्ये कुणी नव्हतं. एकही दांडा हलत नव्हता. आवाज सरीच्या टोकापर्यंत गेला, वळला, आणि माझ्या सरीत आला. कट… कट… माझ्यापाशी येऊन थांबला. मग अगदी डाव्या खांद्याशी, दमलेलं माणूस खाली बसताना सोडतं तसा सुस्कारा.

मी उठले. निघताना 'जाते' म्हणायची आपल्यात रीत नाही, म्हणून तोंडातून सवयीनं निघून गेलं, "येते गं…"

मागून हलकेच उत्तर आलं, "हो… येते."

नवसाबाई तीन आठवडे वॉर्डात होती. औषधं लागू पडली, झोप लागायला लागली. घरी गेल्यावर ती सुरगाण्याला जाऊन मोहिनीच्या आईला खरं काय ते सांगून आली. भिमाजीलाही तिनं बरोबर नेलं. पुढे तपासणीला आली तेव्हा चेहरा निवळला होता.

"ताई, शेडमध्ये आता कुणी नाय," ती म्हणाली. "म्या दोन दुपारी बसून पाहिलं. रिकामी हाय." आणि माझी नजर चुकवून ती औषधाच्या खिडकीकडे गेली.

मे महिन्यात इंदिरानगरमधून फोन आला. दीपक नावाचा चाळिशीतला माणूस पाच मजली इमारतीच्या गच्चीच्या कठड्यावर, पाय बाहेर सोडून बसला होता. घरचे वर धावत येऊ नयेत म्हणून सुवर्णा खाली जिन्यात थांबली. गच्चीचं दार मी लोटून घेतलं. वर आम्ही दोघंच.

पाऊण तास बोलले. तो ऐकत होता, पण जागचा हलत नव्हता. मग त्यानं मान वळवली. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यामागे पाहिलं.

"त्या पोरीला आधी पाणी द्या," तो म्हणाला. "उभं राहवत नाहीये तिला. तिला पाणी द्या, मग मी उतरतो."

कठड्यावरच्या माणसावरून नजर काढायची नसते. मी काढली नाही. पर्समधली बाटली काढली, झाकण उघडलं आणि हात मागे नेला.

बाटली माझ्या हातातून अलगद घेतली गेली. मागे घोट घेतल्याचा आवाज आला… एक… मग दुसरा…

दीपकनं समाधानानं मान डोलावली आणि एक पाय आत टाकला.